तीन दिवस मी कुठली यादी वाचत होतो

त्या काळी माझ्याकडे मोज्यांचे तीन जोड होते आणि तिन्हींना अंगठ्याशी भोकं होती. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे एका बाईची नोकरी जवळजवळ घालवण्याचा जो पराक्रम माझ्या हातून झाला, त्याचं मूळ त्या भोकांत आहे. मोठ्या माणसांच्या चुकांना मोठी कारणं असतात. माझ्या चुकांची कारणं धुण्याच्या बादलीत सापडतात.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्याचा, पुण्यात इंजिनिअर झालेला आणि बंगलोरला नोकरीला लागून जेमतेम सव्वा वर्ष झालेला. आमची कंपनी चाळीस माणसांची. परदेशातल्या एका विमा कंपनीचं काम आमच्याकडे होतं. आजूबाजूला सगळे दोन हजार साल उजाडल्यावर जुने प्रोग्राम कोसळतील या धास्तीने ते दुरुस्त करण्यात बुडाले होते, आणि आम्ही मात्र ‘नवीन तंत्रज्ञाना’त होतो. हे मी साताऱ्याला प्रत्येक पत्रात लिहीत असे. वडिलांनी एकदा उत्तरात विचारलं होतं की नवीन म्हणजे नक्की काय, आणि मी चार पानं लिहून त्यांना काहीही समजणार नाही याची काळजी घेतली होती.

नवीन होता तो अॅप्लिकेशन सर्व्हर. एका मोठ्या मशीनवर अनेक छोटे प्रोग्राम राहतात, कुणी हप्ता काढतो, कुणी पॉलिसी शोधतो. एकाला दुसऱ्याची गरज पडली तर तो कुठे राहतो हे कळायला हवं. त्यासाठी सर्व्हरमध्ये एक नावांची डिरेक्टरी असते. बिल्डिंगच्या जिन्याखाली जशी रहिवाशांच्या नावांची पाटी असते, तशीच. प्रत्येक प्रोग्रामनं सुरू झाल्यावर त्या पाटीवर आपलं नाव लावायचं. नाव नसलं तर तो घरात असूनही नसल्यासारखा.

ही पाटी वाचण्याचे दोन मार्ग होते. एक चित्रांचा, माउसवाला. तो उघडायला इतका वेळ लागे की तोवर खाली जाऊन कॉफी पिऊन येता येई. दुसरा मार्ग माझा. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं, की सगळी नावं झरझर खाली उतरत. आमच्या टीममध्ये ही कमांड फक्त मला येत होती. तिचं मॅन्युअल साठ पानांचं होतं आणि त्यातलं पहिलं पान मी वाचलं होतं. कुणी मागे येऊन उभं राहिलं की मी मुद्दाम माउस बाजूला सारत असे. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. मला तर त्या खळखळाटाचाच पगार मिळतो, असं वाटत होतं.

टेस्टिंगचा सर्व्हर एका वेगळ्या थंडगार खोलीत होता. धूळ जाऊ नये म्हणून तिथं बूट बाहेर काढून जायचा नियम होता, आणि ते काढायची जागा बरोबर रिसेप्शनिस्टच्या समोर होती. खोलीची किल्ली दोघांकडेच असे, एक आमच्या मॅनेजर साहेबांकडे आणि दुसरी माझ्याकडे. ही किल्ली मिळाल्याच्या दिवशी मी स्वतःला मसाला डोसा खाऊ घातला होता. फक्त खोलीत जाण्याचं मी टाळत असे. त्या भोकांतून बाहेर डोकावणारा माझा अंगठा रिसेप्शनिस्टनं पाहिला तर माझं काय राहील, अशी मला भीती. दर आठवड्याला मी ठरवायचो, रविवारी बंगलोरच्या शिवाजीनगरला जाऊन नवे मोजे घ्यायचे. रविवारी मी झोपायचो.

आता त्या बाईंबद्दल. मी त्यांना अक्का म्हणायचो, सगळेच म्हणायचे. वय चौतीसच्या आसपास. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बंगलोरात मुरलेलं. शिवाजीनगरात त्यांच्या भावाचं शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान होतं. अक्कांनी तिथल्याच एका शाळेत दहा वर्षं गणित शिकवलं, संध्याकाळच्या क्लासला जाऊन प्रोग्रामिंग शिकल्या, आणि शाळेतून सहा महिन्यांची बिनपगारी रजा काढून आमच्याकडे लागल्या. ते सहा महिने मेअखेर संपत होते. आमच्याकडे कायम केल्याचं पत्र मिळालं तर शाळा सोडायची, नाही तर परत वर्गावर. मुख्याध्यापिकेनं सांगितलं होतं, शनिवारी दुपारी बारापर्यंत काय ते कळव, त्यानंतर जागा दुसरीला देणार. हे अक्कांनी मला डबा खाताना सांगितलं होतं. मी तेव्हा त्यांच्या डब्यातली भाजी खात होतो.

मी त्यांना ‘सीनियर’ होतो. नऊ महिन्यांनी. मनातल्या मनात त्यांना ‘गणिताच्या बाई’ म्हणत असे, आणि त्या कोड लिहिण्याआधी चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं सगळं मांडून घेत, याचं मला हसू येई.

शुक्रवारी साहेब सगळ्यांचे कागद वर पाठवणार होते. त्याच आठवड्यात, सोमवारी, टेस्टिंगमधून तक्रार आली. अक्कांनी लिहिलेला हप्ता काढण्याचा प्रोग्राम सापडत नाही, पडद्यावर ‘नाव मिळाले नाही’ असं येतं.

अक्का माझ्याकडे आल्या. “तम्मा, स्वल्प बघ की, माझं नाव लागलंय का त्या डिरेक्टरीत.” तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मला ते आवडायचं, पण ऑफिसात चारचौघांत नको वाटायचं.

मी बोटं मोडली, कमांड मारली. नावं उतरली. सातव्या ओळीवर त्यांच्या प्रोग्रामचं नाव. “हे काय,” मी म्हणालो. “हातच्या कांकणाला आरसा कशाला? नाव आहे. गडबड तुमच्या कोडमध्ये असणार.”

“सरी,” म्हणाल्या, म्हणजे ‘बरं’, आणि वही घेऊन बसल्या. मंगळवारी त्यांनी अर्धा प्रोग्राम पुन्हा लिहिला. तक्रार तीच. त्यांनी पुन्हा यादी काढायला सांगितली, मी पुन्हा काढली, पुन्हा सातवी ओळ. बुधवारी त्या म्हणाल्या, “मशीनच्या खोलीत जाऊन बघूया का एकदा? तिथं समोर बसून?” मी त्या दिवशी तिन्ही जोडांतला सर्वांत वाईट जोड घातला होता. “अक्का,” मी म्हणालो, “कमांड लाइनला खोलीत जावं लागत नाही. तोच तर तिचा फायदा आहे.” हे वाक्य मी इतक्या सहानुभूतीनं बोललो की आजही आठवलं की कान गरम होतात.

बुधवारी दुपारी साहेबांनी बोलावलं. साहेब बंगलोरचेच, माझ्याशी हिंदीत बोलत. “डिरेक्टरी चेक किया?”

“किया सर.”

“पक्का?”

“रोज किया सर.”

“तो मेल कर दो.”

मी तीन ओळींचा मेल केला. डिरेक्टरी तपासली, नाव नोंदलेलं आहे, दोष प्रोग्राममध्ये आहे. पाठवण्यापूर्वी दोनदा वाचला, इंग्रजी चांगलं झालं होतं म्हणून. गुरुवारी साहेबांनी अक्कांना सांगितलं की कायम करण्याचा निर्णय तीन महिने पुढे ढकलावा लागेल. त्या दिवशी अक्कांनी डबा जागेवरच खाल्ला. मला वाईट वाटलं. अगदी खरं वाटलं. मी मनाशी म्हणालो, बिचाऱ्या, वय झाल्यावर शिकणं अवघडच असतं.

शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास त्या माझ्या टेबलापाशी आल्या. हातात चौकटीची वही. “तम्मा, यादी काढ. आणि मोठ्यानं वाच.”

मी काढली, वाचली. सोळा नावं.

“परत वाच. सावकाश. एकेका नावावर बोट ठेवून.”

मी पाढे म्हणणाऱ्या पोरासारखा बोट ठेवून वाचू लागलो. शेजारच्या दोघांनी माना वळवल्या.

“पंतोजी असं नाव आहे का त्यात?”

“पंतोजी? छे. असलं नाव कोण ठेवेल?”

“मी ठेवलंय. ये.” त्यांनी मला आपल्या जागेवर नेलं. सकाळी त्यांनी दहा ओळींचा एक प्रोग्राम लिहिला होता. त्याचं काम एकच, टेस्टिंगच्या मशीनला गाठून तिथल्या डिरेक्टरीत ‘पंतोजी’ हे नाव नोंदवायचं. दुसरा प्रोग्राम त्याच मशीनला विचारायचा, पंतोजी आहे का? त्यांनी तो माझ्यासमोर चालवला. उत्तर आलं, आहे.

“ते मशीन म्हणतंय पंतोजी हजर. तुझी यादी म्हणते असा कुणी नाहीच,” अक्का म्हणाल्या. “मग तू तीन दिवस कुठल्या वर्गाची हजेरी घेतोयस?”

मी मॅन्युअल काढलं. दुसऱ्या पानावर, वरून चौथी ओळ. कुठल्या मशीनची डिरेक्टरी वाचायची ते कमांडला सांगायचं असतं. सांगितलं नाही तर ती तुम्ही बसला आहात त्याच मशीनची वाचते. माझ्या टेबलावरच्या मशीनवर मी हौसेनं एक पूर्ण सर्व्हर बसवून ठेवला होता, आणि दोन आठवड्यांपूर्वी अक्कांच्या प्रोग्रामची प्रत त्यात टाकली होती. माझ्या घरच्या पाटीवर त्यांचं नाव मीच लावलं होतं, आणि रोज तेच वाचून जगाला सांगत होतो की त्या पलीकडच्या बिल्डिंगमध्ये राहतात.

मी किल्ली घेतली. रिसेप्शनसमोर बूट काढले, अंगठा बाहेर आला. रिसेप्शनिस्ट फोनवर होती, तिनं पाहिलंही नाही. ज्या अंगठ्यासाठी तीन दिवस एवढं रामायण झालं, त्याला कुणी विचारत नव्हतं.

आत समोर बसून कमांड मारली. पंधरा नावं होती, पंतोजी होते, अक्कांचा प्रोग्राम नव्हता. कारण शोधायला दोन मिनिटं लागली. सर्व्हर सुरू होताना कुठकुठले प्रोग्राम चालू करायचे याची एक फाइल असते. ती मी लिहिली होती, अक्का नोकरीला लागण्याआधी. त्यात त्यांचा प्रोग्राम घालायचं काम माझ्याकडे होतं. मी ते केलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथं तर चोरानंच संन्याशाविरुद्ध साक्ष दिली होती, तीही चांगल्या इंग्रजीत.

मी फाइलमध्ये एक ओळ घातली, सर्व्हर बंद करून सुरू केला. अक्कांचा प्रोग्राम पाटीवर लागला. टेस्टिंगवाल्यांनी हाक मारून सांगितलं, चाललं.

साहेब तीनलाच निघून गेले होते. अक्का खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “सरी,” म्हणाल्या, “निघते मी. उद्या शाळेत जायचंय.” वही पिशवीत घातली आणि गेल्या.

पुढचा तास मी काय विचार केला ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आधी वाटलं, सोमवारी सांगू. मग वाटलं, सांगायचं तरी ‘कमांडमध्ये एक त्रुटी आढळली’ असं सांगू. मग वाटलं, अक्का शाळेत खूश होत्या, मुलांना त्यांची गरज आहे. शिक्षणाच्या पवित्र कार्याबद्दल माझ्या मनात एवढा आदर त्याआधी कधी दाटला नव्हता. साहेबांच्या घरी फोनही केला. दोनदा त्यांच्या सासूबाईंनी उचलला, कन्नडमधून काहीतरी ठणकावून विचारलं, आणि दोनदा मी ठेवून दिला.

शनिवारी सकाळी जाग आली ती अक्का मुख्याध्यापिकेसमोर उभ्या आहेत असं डोळ्यांसमोर येऊनच. मग मात्र बसवेना. हेब्बाळला जाणारी बस पकडली. साहेबांचं घर तिथल्या तळ्याच्या अलीकडे होतं, पत्ता विचारत पोचायला साडेदहा झाले.

साहेब गच्चीवर होते. लुंगी नेसून, हातात काठी. गच्चीभर जुनी धोतरं अंथरून त्यावर पापड वाळत घातले होते, आणि साहेबांना कावळे हाकायला बसवलं होतं. मी बसमध्ये भाषण तयार केलं होतं, त्याची सुरुवात ‘वितरित प्रणालींमध्ये’ अशी होती. ते सगळं पापडांकडे बघून विसरलो.

“सर, वो डिरेक्टरी,” मी म्हणालो. “मैंने अपने मशीन की देखी.”

“मतलब?”

“टेस्ट मशीन की देखी ही नहीं.”

“तीन दिन?”

“तीन दिन. और स्टार्टअप फाइल में भी मैंने ही नहीं डाला था. उनका कोड सही था सर. और आज बारा बजे तक उन्हें स्कूल को जवाब देना है.”

एक कावळा उतरला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले की माझं कायम केल्याचं पत्र दोन महिन्यांपूर्वी दिलं, ते परत घेता येत नाही हे वाईट झालं. काठी माझ्या हातात देऊन खाली गेले. मी कावळे हाकू लागलो. त्या आठवड्यात मी मन लावून केलेलं ते पहिलं काम. परत आले तेव्हा हातात चिठ्ठी होती, वहीच्या कागदावर, सही करून. अक्कांना कायम केलं आहे, रीतसर पत्र सोमवारी मिळेल.

“बारा बजे से पहले पहुँचाओ,” म्हणाले. शाळेचा नंबर आम्हा दोघांनाही माहीत नव्हता.

हेब्बाळहून शिवाजीनगरला बस भरपूर. मला मिळाली ती वाटेत बंद पडली. शिवाजीनगरला उतरलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. गर्दीतून पळत शाळेपाशी गेलो तर फाटकाला कुलूप. मग दुकान शोधत निघालो. एकदा घरमालकिणीच्या मशीनचा पट्टा आणायला तिथं गेलो होतो, तेवढ्या आठवणीवर. चालताना मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या साताऱ्याच्या होत्या आणि सगळ्या लागू होत्या.

भाऊ जेवायला गेला होता. अक्का गल्ल्यावर बसून एका शिंप्याला सुया मोजून देत होत्या. मी चिठ्ठी पुढे केली. दम लागला होता. “अक्का, चुकलं माझं. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी हे दिलंय. पण मला उशीर झाला. परत जाऊन शाळेला सांगता येईल का? मी येतो बरोबर, मुख्याध्यापिकेला मी सांगतो.”

“काय सांगतोस तिला?”

“की तुम्ही शाळेत परत येणार नाही.”

“ते मी दहालाच सांगून आले की,” अक्का म्हणाल्या.

मला कळेना. “पण तेव्हा तर चिठ्ठी नव्हती.”

“नव्हती.”

“मी साहेबांकडे गेलोच नसतो तर?”

“तर सोमवारी मी गेले असते. त्यांना त्या खोलीत बसवून पंतोजी दाखवले असते. माझं गणित बरोबर होतं ना? मग?”

“मग शुक्रवारीच फोन का नाही केलात त्यांना?”

त्यांनी शिंप्याची पुडी बांधली, तो गेला. “वर्गात एखाद्यानं आपली चूक दुसऱ्यावर ढकलली की मी लगेच उभं करत नसे. दोन दिवस द्यायची. पुष्कळ पोरं आपणहून येतात. काही येत नाहीत.”

मला त्यांच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती, आणि ती ऐकायला मिळेल अशी मला खात्रीही होती. “मी येणाऱ्यांतला वाटलो ना तुम्हाला?”

अक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं.

“नाही रे, तम्मा,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर तुझी वाट न बघता सांगून आले.”

मग त्यांनी चिठ्ठी घेतली, उघडून वाचली, आणि मला बसायला स्टूल पुढे सरकवलं.